पेन ड्राईव्ह आणि एक्स्टर्नल डिस्कवरची कागदपत्रं कशी जपायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. प्रबंध, दस्तांचे मसुदे, लग्नपत्रिका, दूध संस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामं असतात. पण दिवसातून एकदा तरी कुणीतरी हातात पेन ड्राईव्ह घेऊन दारात येतं आणि म्हणतं, "यातलं सगळं गेलंय, बघा की जरा." तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर रात्री अकरालाही येतात, कारण सकाळी विद्यापीठात प्रबंध जमा करायचा असतो. त्या माणसाचा चेहरा किंवा आवाज मला नंतर बरेच दिवस आठवत राहतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढलं.

प्रत्येक उत्तर एकटं वाचलं तरी पुरेल. दुसरीकडे सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांची फाईल आत्ताच गेली आहे त्यांनी आधी ड्राईव्ह काढून बाजूला ठेवावा, मग प्रश्न ९, १०, ११ किंवा १७ यांपैकी आपला वाचावा.

१. पेन ड्राईव्ह, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत फरक काय? कागदपत्रांसाठी कुठलं घेऊ?

हार्ड डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारी सुई तरंगत असते. त्यामुळे ती धक्क्याला घाबरते. एसएसडी आणि पेन ड्राईव्हमध्ये हलणारा भाग नसतो, चिप असते. पडलं तर सहसा काही होत नाही, पण चिप मेली की बऱ्याचदा आधी कसलीच सूचना मिळत नाही. पेन ड्राईव्हमधली चिप आणि तिला चालवणारा कंट्रोलर बहुधा हलक्या प्रतीचा असतो.

पेन ड्राईव्ह इथून तिथं न्यायला घ्या. घरच्या साठवणीला हार्ड डिस्क स्वस्त आणि पुरेशी आहे. रोज पिशवीतून फिरवणार असाल तर एसएसडी घ्या. यांपैकी एकावर एकच प्रत ठेवून निर्धास्त होता येत नाही, ते प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे.

२. पेन ड्राईव्हवरच फाईल उघडून टाईप केलं तर बिघडतं काय? मी पाच वर्षं असंच करतोय की.

बिघडतं. मला सगळ्यात जास्त कळकळीनं काय सांगायचं असेल तर हेच. माझ्याकडे येणाऱ्या गेलेल्या फायलींत इतर कुठल्याही कारणापेक्षा हे कारण जास्त दिसतं.

वर्ड सेव्ह करतं तेव्हा जुन्या फाईलमध्ये नवीन ओळी नुसत्या चिकटवत नाही. त्याच फोल्डरमध्ये एक तात्पुरती फाईल बनवतं, तिच्यात सगळा मजकूर नव्यानं लिहितं, मग जुनी फाईल हटवून नवीला तिचं नाव देतं. फोल्डर उघडलं की लहरीच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या चमत्कारिक नावाच्या फायली कधीकधी दिसतात, त्या या कामाच्या पसाऱ्यातल्याच. हे सगळं पेन ड्राईव्हवर चाललेलं असताना ड्राईव्ह हलला, यूएसबीचं तोंड सैल असलं, लाईट गेली किंवा जागा संपली, तर जुनी गेलेली आणि नवी अर्धवट अशी अवस्था होते. मग फाईल उघडताना "करप्ट आहे" असा निरोप येतो. काढता येणाऱ्या ड्राईव्हवर थेट सेव्ह करू नका, आधी कॉम्प्युटरवर सेव्ह करून मग कॉपी करा, असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टही देतं.

पद्धत सोपी आहे. ड्राईव्ह लावा, फाईल कॉम्प्युटरच्या डॉक्युमेंट्समध्ये कॉपी करा, तिथून उघडा, काम करा, सेव्ह करून बंद करा आणि मगच ड्राईव्हवर परत कॉपी करा. परत नेताना जुनीवर तीच टाकण्याऐवजी नावात तारीख घाला: "प्रकरण ३ – १४ जुलै" असं. आजची बिघडली तर कालची तरी हाती राहते. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल शेवटची" अशी नावं ठेवली की कुठली खरी हे दोन महिन्यांनी तुम्हालाच सांगता येत नाही. प्रबंधाची तीन वेगवेगळी "शेवटची" प्रकरणं घेऊन आलेल्या ताई मी पाहिल्या आहेत. तिन्हींत वेगवेगळ्या दुरुस्त्या होत्या.

पाच वर्षं काही झालं नाही हे तुमचं नशीब. तुमच्या सुदैवानं ते तसंच राहो, पण आजपासून सवय बदला.

३. "सेफली रिमूव्ह" दाबलंच पाहिजे काय? हल्ली लागत नाही म्हणतात.

म्हणणाऱ्याचं अर्धं खरं आहे. विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २०१८ च्या शेवटी आली, तेव्हापासून बाहेरच्या ड्राईव्हसाठी "क्विक रिमूव्हल" ही पद्धत मुळातच लावलेली असते. तिच्यात विंडोज लिहायचा मजकूर स्वतःकडे दाबून न ठेवता लगेच ड्राईव्हवर पाठवतं. त्याआधी काही भाग मेमरीत राखून सवडीनं लिहिला जायचा. कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसायची आणि आत मजकूर पोचलेलाच नसायचा.

पण समोरच्या कॉम्प्युटरवर कुठली आवृत्ती आहे आणि कुणी ती सेटिंग बदलली आहे का, हे तुम्हाला माहीत नसतं. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत इथं जुने कॉम्प्युटर अजून चालू असतात. शिवाय मागे एखादी फाईल उघडी असू शकते, व्हायरस तपासणी चालू असू शकते. दोन सेकंद लागतात, दाबा. मॅक आणि लिनक्सवर तर दाबायलाच हवं.

४. दाबलं तर "डिव्हाइस वापरात आहे" म्हणतं आणि निघतच नाही. ओढू काय?

ओढू नका. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, फोटो दाखवणारी खिडकी, ड्राईव्हचं उघडं फोल्डर, सगळं बंद करून पुन्हा दाबा. तरीही ऐकलं नाही तर कॉम्प्युटर शट डाउन करा आणि तो पूर्ण बंद झाल्यावर ड्राईव्ह काढा. नुसता लॅपटॉप मिटून काढणं चालत नाही. मिटलेला लॅपटॉप झोपलेला असतो आणि जागा झाल्यावर ड्राईव्ह तिथंच असेल असं तो धरून चालतो.

५. कट-पेस्ट करावं की कॉपी-पेस्ट?

कॉपी. एका ड्राईव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट करताना विंडोज आतून कॉपीच करतं आणि मग मूळ हटवतं. मध्येच केबल हलली तर काही फायली इकडे, काही तिकडे होतात आणि काय कुठं राहिलं ते शोधण्यात दिवस जातो.

कॉपी झाल्यावर दोन्ही फोल्डरांवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फायलींची संख्या व आकार जुळवा. मग ड्राईव्ह एकदा काढून परत लावा आणि त्यातल्या चार-पाच फायली खरंच उघडून बघा. एक सुरुवातीची, एक शेवटची, एक सगळ्यात मोठी. नुसतं नाव दिसतंय म्हणजे फाईल शाबूत आहे असं नाही. हे झाल्यावरच मूळ हटवा.

६. मी सगळं एक्स्टर्नल डिस्कवर टाकलंय. म्हणजे बॅकअप झाला ना?

कॉम्प्युटरवरही ते अजून आहे का? असेल तर झाला. जागा करायला कॉम्प्युटरवरून काढून डिस्कवर हलवलं असेल तर झाला नाही, फक्त घर बदललं. लोक "बॅकअप डिस्क" म्हणतात ती बऱ्याचदा एकुलती एक प्रत असते. अशी डिस्क बंद पडलेली घेऊन कुणी आलं की मला पहिला प्रश्न विचारायलाही धीर होत नाही, कारण उत्तर ठाऊक असतं.

जगभर चालणारा साधा नियम ३-२-१ असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. घरच्या माणसाला हे अवघड नाही. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक डिस्कवर, एक गुगल ड्राईव्हसारख्या ठिकाणी किंवा दुसऱ्या पेठेत राहणाऱ्या बहिणीच्या कपाटात. एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग करून दोन्हीकडे ठेवलं तर ती एकच प्रत मोजा. दोन डिस्क एकाच ड्रॉवरमध्ये असतील तर आग, चोरी आणि पाणी यांच्या दृष्टीनं तीही एकच.

आणखी एक. बॅकअपची डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. आठवड्यातून एक वार ठरवा, लावा, कॉपी करा, काढून ठेवा. आमच्याकडे सोमवारी बाजारपेठ बंद असते, तो दिवस मी यासाठी ठेवला आहे.

विंडोजमधली फाईल हिस्टरी किंवा मॅकवरचं टाइम मशीन वापरलंत तर जुन्या आवृत्त्याही राहतात. "मिरर" किंवा "सिंक" असं नाव असलेलं साधन वापरताना मात्र जपा: इकडची फाईल चुकून हटवली की पुढच्या फेरीला ते तिकडचीही हटवतं.

७. आमचं घर पुराच्या पट्ट्यात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये डिस्कचं काय करू? आणि भिजलीच तर?

हा प्रश्न आपल्याकडचा आहे आणि तो मी मनावर घेतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये प्रयाग चिखली पाण्यात गेली तेव्हा माझ्या मामांच्या घरी गावच्या दूध संस्थेचे हिशेब होते. कॉम्प्युटर माळ्यावर चढवला, जनावरं सोडवली, माणसं नावेतून बाहेर आली. डिस्क टेबलाच्या खालच्या खणात राहिली. माणसं वाचली यापुढे डिस्कची काय किंमत, पण नंतर सभासदांच्या वह्यांवरून एकेक नोंद पुन्हा उभी करताना मामांचे किती महिने गेले ते मी पाहिलंय.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आकडा ३९ कडे सरकायला लागला की डिस्क हलवायची, असा घरात नियम करा. पाणी दारात येईपर्यंत थांबलात तर त्या वेळी म्हातारी माणसं आणि जनावरं यांच्यापुढे डिस्क कुणालाच आठवत नाही, आणि आठवूही नये. पुराच्या पट्ट्यातल्या शेजाऱ्याकडे दुसरी प्रत ठेवून उपयोग नाही. २०१९ आणि २०२१ ला रस्तेच बंद झाले होते, तेव्हा प्रत अशा ठिकाणी हवी जिथं पाणी मुळातच पोचत नाही. दोन झिपच्या पिशव्या, आत सिलिका जेलची पुडी, आणि जूनमध्येच पोचवलेली. इंटरनेटवरची प्रत असेल तर हा ताण राहतच नाही.

काय जपायचं याचाही विचार करा. आधार, वाहन परवाना, आरसी डिजिलॉकरवरून परत मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ शासनाच्या संकेतस्थळावरून निघतो. यांचे स्कॅन गेले तर वैताग होतो, नुकसान होत नाही. आजोबांच्या हातचं वाटणीपत्र, संस्थेचे ठराव, प्रबंधाची टिपणं, आईचे फोटो यांची मात्र दुसरी प्रत जगात कुठंही नाही. वेळ कमी असेल तर आधी त्यांच्या प्रती करा.

भिजलेली हार्ड डिस्क सुरू करून पाहू नका. उन्हात, चुलीजवळ, हेअर ड्रायरखाली किंवा तांदळात ठेवू नका, उघडू नका. पुराच्या पाण्यातला गाळ तबकडीवर वाळला की काम अवघड होतं, म्हणून रिकव्हरीवाले ती ओलसरच, बंद पिशवीत आणायला सांगतात. पेन ड्राईव्ह भिजला तर तोही न लावता आणा. त्याची चिप बऱ्याचदा वाचते, पण ओली असताना वीज दिली तर जळते. पुढचं प्रश्न २० मध्ये.

८. गुगल ड्राईव्ह आहे की, मग डिस्क कशाला पाहिजे?

मोफत जागा १५ जीबी आणि तीत जीमेल व फोटोही मोजले जातात. ती भरली की नवीन फायली वर जाणं थांबतं आणि अनेकांना ते महिनोन्महिने कळतच नाही. दुसरं, तिथं हटवलेली फाईल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग जाते. तिसरं, दोन वर्षं वापरलंच नाही तर गुगल ते खातं आणि त्यातला मजकूर काढून टाकू शकतं. वडीलधाऱ्यांच्या नावानं काढून ठेवलेल्या खात्यांचं हे होतं. पासवर्ड विसरला आणि नोंदवलेला मोबाईल नंबरही बदललेला असला की आत शिरणं फार अवघड. इंटरनेटवरची प्रत हवीच, पण डिस्कच्या जोडीला.

९. ड्राईव्ह लावला की "वापरण्याआधी फॉरमॅट करा" दाखवायलंय. करू काय?

नको. कॅन्सल दाबा. बऱ्याच वेळा फायली आत जशाच्या तशा असतात आणि बिघडलेली असते ती फक्त त्यांची अनुक्रमणिका. फॉरमॅट केलंत तर रिकामी नवी अनुक्रमणिका वर बसते आणि जुनं शोधणं कठीण होतं.

आधी दुसरा पोर्ट, दुसरी केबल, दुसरा कॉम्प्युटर बघा. मॅकवर बनवलेला ड्राईव्ह विंडोजला ओळखू येत नाही तेव्हाही हाच निरोप येतो आणि ड्राईव्ह ठणठणीत असतो. कुणाकडून आणलेला असेल तर त्यांना विचारा. "चेक" किंवा "रिपेअर" असं विंडोज सुचवेल तेही आत एकुलती एक प्रत असताना करू नका. ती दुरुस्ती अनुक्रमणिका सुसंगत करते, तुमच्या फायली वाचवणं हा तिचा हेतू नाही. तुटके भाग अनोळखी नावाच्या तुकड्यांत टाकून ती मोकळी होते. आधी रिकव्हरी, मग दुरुस्ती.

१०. चुकून डिलीट झालं. रिसायकल बिनमध्येही नाही. परत येतं काय?

पेन ड्राईव्हवरून हटवलेलं विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जातच नाही. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरचं बहुधा जातं, पण ती डिस्क जोडलेली असतानाच दिसतं. तेव्हा आधी डिस्क लावून बिन बघा.

तिथं नसेल तर ड्राईव्हवर आणखी काहीही लिहू नका. हटवलेली फाईल लगेच पुसली जात नाही, तिची जागा "मोकळी" म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही आलं की ती कायमची गेली. रेक्युव्हा किंवा फोटोरेक हे मोफत प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवा आणि सापडलेल्या फायली त्याच ड्राईव्हवर न ठेवता दुसरीकडे उतरवा. फोटोरेक जुनी नावं परत देत नाही, शेकडो फायली उघडून ओळखाव्या लागतात. चिकाटी लागते, पण मिळतं. क्विक फॉरमॅट झालेल्यालाही हेच लागू. फुल फॉरमॅट झाला असेल तर आशा ठेवू नका, आणि एसएसडीवर ट्रिम (हटवलेल्या फायलींची जागा आपोआप पुसणारी सोय) चालू असेल तर साधं हटवलेलंही मिळणं कठीण.

११. सेव्ह करायच्या आत लाईट गेली. किंवा जुन्यावर चुकीचं सेव्ह झालं. आता?

वर्ड पुन्हा उघडा. डाव्या बाजूला वाचवलेल्या फायलींची यादी आली तर तिथून घ्या. नाही आली तर फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स या वाटेनं जा. वर्ड दर दहा मिनिटांनी अशी नोंद ठेवतं. ऑप्शन्समधल्या सेव्ह भागात जाऊन ते तीन मिनिटांवर आणा. वरच्या पट्टीतलं "ऑटोसेव्ह" बटण वेगळं. ते वनड्राईव्हसारख्या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेवरच्या फायलींनाच चालतं, पेन ड्राईव्हवरच्या फाईलला चालत नाही.

जुन्यावर चुकीचं सेव्ह झालं तर सावरता यावं म्हणून ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात "ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी" ही टिक आहे. ती असेल तर आधीची आवृत्ती शेजारी राहते. कोरल ड्रॉमध्ये सेव्ह करताना "बॅकअप ऑफ" असं नाव लागलेली प्रत बनते. अनेक जण ती कचरा समजून हटवतात, हटवू नका.

१२. बाहेरच्या कॉम्प्युटरला ड्राईव्ह लावून आणला, आता सगळी फोल्डरं शॉर्टकट झाल्यात.

घाबरू नका, फायली बहुतेक वेळा आतच असतात. व्हायरसनं त्या लपवल्या आणि त्यांच्या नावाचे खोटे शॉर्टकट ठेवले. शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरवरही शिरतो, म्हणून एकदाही क्लिक नको. अद्ययावत अँटिव्हायरसनं ड्राईव्ह तपासा. मग व्ह्यू मेनूत "हिडन आयटम्स"वर टिक करा आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये "हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स"ची टिक काढा. खरी फोल्डरं फिकट दिसतील. कधी ती बिननावाच्या एका फोल्डरात असतात. त्यातलं तुमचं तेवढंच कॉपी करा, ड्राईव्ह फॉरमॅट करा.

झेरॉक्स, प्रिंटिंग, ऑनलाइन फॉर्म यांसाठी वेगळा छोटा पेन ड्राईव्ह ठेवा आणि त्यात फक्त छापायची पीडीएफ न्या. घरच्या डिस्कनं घर सोडू नये.

१३. मराठी फाईल दुसरीकडे उघडली तर अक्षरांऐवजी कायबाय चिन्हं दिसतात. फाईल गेली काय?

गेली नाही. ती श्री-लिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे आणि तो फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नाही. या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं, म्हणून फॉन्ट नसला की मूळ चिन्हं उघडी पडतात. या भीतीनं लोकांनी पूर्ण पुस्तकं पुन्हा टाईप करून घेतलेली मला माहीत आहेत.

फक्त त्या गोंधळलेल्या फाईलवर काही बदलून सेव्ह करू नका. फॉन्ट बसवा किंवा कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी वाचता येणाऱ्या पद्धतीत) आणा आणि जोडाक्षरं, रफार, आकडे डोळ्यांनी तपासा, तिथं चुका राहतात. पुढची दहा वर्षं वाचायचं असेल ते युनिकोडमध्ये ठेवा, सोबत पीडीएफ. जुन्या कामाच्या फोल्डरात फॉन्टची फाईलही ठेवा.

१४. ड्राईव्हवर जागा आहे, तरी पाच जीबीची फाईल जायना.

तो फॅट ३२ प्रकारचा आहे, म्हणजे ड्राईव्हवर फायली मांडायची ती एक जुनी पद्धत. त्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. आतलं सगळं दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं. फक्त विंडोज वापरणार असाल तर एनटीएफएस, तो अर्धवट लिहिताना वीज गेली तर जास्त सावरतो. मॅक त्यावरचं वाचतो, पण त्याच्यावर लिहीत नाही.

उद्यमनगर किंवा शिरोलीच्या कारखान्यांतले वाचक विचारतात त्यांच्यासाठी: बऱ्याच सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनना फॅट ३२ च लागतो. त्या कामाचा ड्राईव्ह वेगळा ठेवा आणि प्रोग्रॅमची मूळ प्रत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर.

१५. टॅलीचा डेटा पेन ड्राईव्हवर ठेवून घरी आणि दुकानात दोन्हीकडे चालवू काय?

नको. टॅली एकाच वेळी अनेक फायलींत लिहितं, त्यामुळे प्रश्न २ मधला धोका इथं अनेक पटींनी आहे. डेटा कॉम्प्युटरवर ठेवा आणि टॅलीतल्या बॅकअपच्या सोयीनं प्रत काढा. फोल्डरच कॉपी करायचा असेल तर आधी टॅली पूर्ण बंद करा. रिस्टोअर करताना चालू डेटाच्या जागी न करता वेगळ्या रिकाम्या फोल्डरात करून बघा. मार्चमधला बॅकअप ऑगस्टच्या डेटावर बसला की पाच महिन्यांच्या नोंदी जातात. ३१ मार्चनंतर त्या वर्षाची एक प्रत वेगळ्या ड्राईव्हवर काढून त्यावर वर्ष लिहा आणि तिच्यावर पुन्हा काही लिहू नका.

१६. डिस्क लावली तर दिवा लागतो, पण दिसत नाही.

आधी केबल बदला. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाऐवजी मागच्या पोर्टला लावा. जुना यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि काही डिस्कना पहिला पुरत नाही. तरी दिसत नसेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. "इनिशियलाइझ करा" असं विचारलं तर नाही म्हणा आणि प्रश्न ९ वाचा.

१७. डिस्क हातातून पडली, आता टकटक वाजायलंय.

ताबडतोब बंद करा. तो आवाज सुई जागा शोधत असल्याचा असतो, आणि खराब सुई प्रत्येक फेरीला तबकडी खरवडू शकते. "अजून एकदा लावून बघू" यानंच जास्त नुकसान होतं. फ्रीजमध्ये ठेवा, हळूच आपटा, असले उपाय सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कुठलाही प्रोग्रॅम इथं कामाचा नाही. थेट प्रश्न २०.

आवाज नाही, पण उघडायला वेळ लागतो, मध्येच अडकते, असं असेल तर सगळ्यात महत्त्वाच्या फायली आधी, आजच्या आज उतरवून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो. तो "कॉशन" म्हणाला की नवीन डिस्क आणा.

१८. दोन टीबीचा पेन ड्राईव्ह अगदी स्वस्तात मिळाला. चालेल ना?

चालणार नाही. आत चिप छोटी असते आणि कंट्रोलर मोठा आकडा खोटा सांगतो. सुरुवातीच्या फायली बसतात, पुढच्या नुसती नावं दिसतात आणि उघडत नाहीत. कॉपी करताना चूकही दाखवत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमनं रिकाम्या ड्राईव्हची पूर्ण जागा भरून तपासा. कुठलाही नवा ड्राईव्ह, बिलासह घेतलेलाही, मी आधी असाच तपासतो.

१९. डिस्कला पासवर्ड घालावा काय? आणि विसरला तर?

डिस्कवर पॅन, बँकेची कागदपत्रं, लोकांचे हिशेब असतील तर घालावा. बिटलॉकर (विंडोजमधलीच डिस्क कुलूपबंद करायची सोय) लावताना ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. ती कागदावर छापून कपाटात ठेवा, त्याच डिस्कवर किंवा त्याच लॅपटॉपवर नको. पासवर्डही नाही आणि कीही नाही, तर कुणीही उघडू शकत नाही. पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा.

एक ताई पती गेल्यानंतर त्यांची डिस्क घेऊन आल्या होत्या. विम्याची कागदपत्रं, मुलांचे फोटो, सगळं आत. की कुठं आहे हे घरात फक्त पतींनाच ठाऊक होतं. मी काहीही करू शकलो नाही. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला की कुठं ठेवली आहे हे आजच दाखवा.

काही एक्स्टर्नल डिस्कच्या खोक्यातला बोर्डच आतला मजकूर कुलूपबंद करतो, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरीही. अशी डिस्क खोक्यातून काढून दुसऱ्या केबलला लावली तर रिकामी किंवा बिघडलेली दिसते. म्हणून बंद पडली तर खोका, केबल, बोर्ड काहीही टाकू नका.

२०. रिकव्हरीवाल्याकडे देताना काय विचारू?

चार गोष्टी. डिस्क ते स्वतः उघडणार की पुण्या-मुंबईला पाठवणार? तबकड्या उघडायच्या असतील तर धूळमुक्त खोली आहे का? फायली मिळाल्या नाहीत तर पैसे किती? मिळालेल्या फायलींची यादी आधी दाखवणार का? डिस्कचा सीरियल नंबर घालून पोच घ्या. काय झालं ते खरं सांगा: पडली, भिजली, आधी कुणी उघडली. लाजेनं लपवलेल्या एका गोष्टीमुळे चुकीचा उपाय होतो. सगळ्या डिस्कचं नको, कुठली फोल्डरं हवीत ते लिहून द्या. आणि ठरवलेली रक्कम त्या कागदांच्या किमतीएवढी आहे का, हे घरी बसून ठरवा.

२१. ड्राईव्ह किती वर्षं टिकतो? कपाटात ठेवला तर खराब होतो काय?

ठरावीक वय नाही. पहिल्याच वर्षी गेलेल्या डिस्क पाहिल्यात आणि दहा वर्षं चाललेल्याही. मी पाच वर्षं झाली की डिस्क मुख्य कामातून काढतो. वीज न देता वर्षानुवर्षं पडलेल्या एसएसडी आणि पेन ड्राईव्हमधला विद्युतभार हळूहळू ओसरतो, त्यामुळे कायमची साठवण म्हणून ते ठेवू नका. हार्ड डिस्क जास्त तग धरते, पण तीही सहा महिन्यांतून एकदा लावून दोन-चार फायली उघडून बघा. घेतल्याची तारीख आणि आत काय आहे हे चिकटपट्टीवर लिहून डिस्कला लावा.

जुनी डिस्क भंगारात देण्याआधी तिच्यावरचं सगळं नवीवर आलंय हे प्रश्न ५ प्रमाणे तपासा आणि मग ती पूर्ण फॉरमॅट करा. क्विक फॉरमॅट केलेल्या डिस्कमधून तुमची कागदपत्रं दुसऱ्या कुणालाही प्रश्न १० मधल्याच प्रोग्रॅमनं काढता येतात.